मशीन घरी गेलं

त्या घरात माया हातानेच व्हायची आणि मारही हातानेच. तोंड फक्त जेवायला आणि ओरडायला. देवाने माणसाला एवढी गोड जीभ दिली, पण त्या घरातल्या पुरुषांनी ती कधी वापरून बघितली नव्हती.

थोरल्याला सगळे घण म्हणत. अंगाने रुंद, मान आखूड, आणि एकदा खाली यायला लागला की मधे कोण आहे ते बघत नसे. धाकट्याला सगळे नुसतंच धाकटा म्हणत. घराच्या मागच्या खोलीत बाबांच्या वेळचं वर्कशॉप होतं. तिथे दारांच्या कुलपांचे खटके तयार व्हायचे. खोलीच्या मधोमध हाताने चालवायचं मिलिंग मशीन. लोखंडाचा तुकडा टेबलावर आवळायचा, चाक फिरवून टेबल सरकवायचं, आणि वर फिरणारं कटर तो धातू खात जायचं. कटर फिरायचं ते मोटरवरून आलेल्या चामडी पट्ट्याने. काम झालं की बाबा पट्टा उतरवायचे आणि ओरडायचे, "घरी!" म्हणजे मशीन घरी गेलं. आता हात घाला, कीस झाडा, कापलेला तुकडा सोडवा.

झिजलेला जुना पट्टा खुंटीला असायचा, तो पोरांसाठी. मारून झालं की तो परत खुंटीला अडकवतानाही बाबा तेच म्हणायचे, "घरी!" त्यामुळे हा शब्द दोघा भावांच्या हाडात मुरला होता. तो ऐकला की खांदे आपोआप खाली यायचे. आता काही होणार नाही.

बाबा गेले. पट्टाही पुढे कुठेतरी गेला. हात मात्र राहिले. एकदा धाकट्याने घाईघाईत खटक्यांची अख्खी रास एका अंगाने जास्त कापून ठेवली. घणाच्या हातात तेव्हा पाना होता. पुढचं दोघांनाही नीट आठवत नाही. धाकट्याचे समोरचे दोन दात कीसात पडले आणि वहिनीने ते झाडूने नाही, हाताने वेचले. त्याच दिवशी धाकटा पिशवी घेऊन निघाला. दूरच्या मोठ्या कारखान्यात सीएनसीवर लागला, म्हणजे आकडे दिले की आपोआप टेबल सरकवून कापणाऱ्या मशीनवर. नवे दात बसवले. घरी मात्र आला नाही, आणि त्याला कुणी ये म्हटलं नाही.

मग एका दुपारी वहिनीचा फोन आला.

"ऐक, ह्यांचा उजवा खांदा गेलाय. चाक फिरवताना रडतात."

"दादा? रडतो?"

"डोळ्यांत कीस गेला म्हणतात. मशीन बंद असताना कसला रे कीस?" वहिनी हसली आणि लगेच गंभीर झाली. "ते तुझं आकड्यांवरचं मशीन घ्यायचंय ह्यांना. छोटं, खोलीत मावेल असं, आपल्या आवाक्यातलं. कुठलं घ्यायचं ते तू सांग."

"त्याला बोलायला काय झालं?"

"म्हणतात, आवाज बसलाय."

"मग?"

"मग म्हटलं, तुमचा बसू दे, माझा उभा आहे. ये बाबा. देवाचं नाव घेऊन ये."

धाकटा आला. मशीन निवडून द्यायचं हे तर खरंच. पण मनात एकच धरून आला होता. हे काम नीट पार पडलं तर दादा एकदा म्हणेल, राहा. एवढाच शब्द. त्याच्यासाठी तो पाहिजे तितकी मशीनं तपासायला तयार होता.

पहिलं मशीन काचेच्या दुकानात होतं. कोरं करकरीत, टेबलावर ठेवण्याजोगं, अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या खांबांचं. धाकट्याने कटरच्या मानेला काट्याचं माप टेकवलं, आणि घणाने ती मान अंगठ्याने नुसती ढकलली. काटा नाचायला लागला.

"ह्याला शिंक आली तरी माप बदलेल," घण म्हणाला.

"साहेब, हे लाकडासाठी, प्लास्टिकसाठी," विक्रेता म्हणाला. "घरी छंद म्हणून..."

"छंद? माझ्या तोंडाकडे बघ. हे छंदाचं तोंड आहे?"

"तोंडावरून तर तुम्ही भंगाराचं गिऱ्हाईक वाटता."

विक्रेत्याचं वाक्य संपलं तेव्हा त्याचे पाय जमिनीवर नव्हते. घणाने डाव्या हाताने कॉलर धरून त्याला मागच्या काचेवर दाबलं आणि काचेला कोपऱ्यापर्यंत तडा गेला. धाकटा मधे घुसला. त्याच्या छातीत भावाचं कोपर बसलं. "दादा, सोड! दादा!" विक्रेता खाली पडला, गळा चोळत खोकत राहिला. रस्त्यावर आल्यावर घण म्हणाला, "तू मधे कशाला आलास? मी काय मारणार होतो?" धाकटा छाती धरून उभा होता.

सुटे भाग आणून स्वतः जोडायचं मशीनही बघितलं. त्याला धाकट्यानेच नाही म्हटलं. जोडता येतं, पण चौकट सरळ आली नाही तर जन्मभर वाकडंच कापत बसायचं. कारखान्यातून निघालेलं एक मोठं जुनं मशीन स्वस्तात मिळत होतं. पण ते दारातून आलं नसतं आणि घरच्या विजेवर हललंही नसतं.

"भिंत पाडा," जेवायला वाढताना वहिनी म्हणाली. "मी अंगणात चूल मांडते."

"आणि वीज?" धाकटा.

"ती तुझ्या दादाच्या डोक्यात आहे की भरपूर."

घण खाली मान घालून जेवत होता. त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. धाकट्याने ते पाहिलं आणि आणखी एक भाकरी मागून घेतली. पण त्या रात्रीही तो झोपला वर्कशॉपमध्येच, चटईवर. घरात झोप असं कुणी म्हटलं नव्हतं.

शेवटी ते मामाच्या शेडवर गेले. जुनी मशीनं घेऊन, रंगवून विकणारा हा माणूस. सगळे त्याला मामा म्हणत आणि तो सगळ्यांना मामा बनवत असे. शेडच्या टोकाला हिरव्या ताज्या रंगाचं एक मशीन उभं होतं. बाबांच्या मशीनसारखंच हाती मिलिंग, जाड ओतीव लोखंडाचं. फक्त टेबल सरकवणाऱ्या तिन्ही स्क्रूंना मोटरी लावलेल्या आणि बाजूला बटणांचा डबा टांगलेला.

"अंग जुनं, डोकं नवं," मामा म्हणाला. "घरच्या प्लगवर चालतं. दाराची काळजी नको, टेबल काढलं की आत जातं. असं मशीन मी माझ्या सख्ख्या भाच्याला दिलं नसतं."

"का, त्याने काय वाईट केलंय?" घण म्हणाला.

धाकट्याला मशीन आवडलं, आणि ते लपवायचा तो प्रयत्न करत होता. मान ढकलली, काटा थरथरला नाही. टेबल पुढेमागे करून स्क्रूचा ढिलेपणा मोजला, तो पोटात घालण्यासारखा होता. एक गोष्ट खटकली. टेबल हाताने फिरवायची चाकं कुठेच नव्हती. जिथे चाक असायला हवं तिथे स्क्रूचं नुसतं षटकोनी टोक बाहेर आलेलं.

"चाकं कुठे गेली?"

"आता बटणं आहेत ना. चाकं जुनाट दिसतात. भंगारात दिली."

टेबलावरच्या व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आवळून धाकट्याने त्यात गोल खाच कापायला लावली. कटर उतरलं, कीस चांदीसारखा उडाला, आणि आवाज असा एकसुरी लागला की घण डोळे बारीक करून ऐकत राहिला. खाच झाली, कटर वर येऊन थांबलं. घणाने खिशातून पाना काढला. त्याला व्हाइस मागून कसा बांधलाय ते बघायचं होतं. पाना डाव्या हातात, आणि उजवा हात मशीनच्या मागच्या खांबाशी साचलेला कीस झाडायला तयार. पण तो थांबला होता. मशीन अजून चालू आहे का, हे त्याला कळत नव्हतं. ह्या मशीनला पट्टाच नव्हता.

धाकटा बटणांच्या डब्याशी, पाठमोरा. शेवटची तपासणी राहिली होती.

आता ती कसली, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं पाप कुणाच्या माथी मारायचं ते कळणार नाही. असल्या मशीनला वीज दिली तरी आपण कुठे उभे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. एखादी खाच जागा दाखवून कापून घेता येते, पण रोजच्या कामाआधी त्याला घरी पाठवावंच लागतं. टेबल आपणहून खांबाच्या दिशेने सरकत जातं, तिथल्या एका बारक्या स्विचला टेकतं आणि थांबतं. मग तिथून त्याला साऱ्या जगाचं माप कळतं. धाकट्याच्या कारखान्यात हे करण्याआधी मोठ्याने ओरडायची शिस्त होती. कुणाचा हात आत असेल तर त्याने काढावा म्हणून. आणि ओरडायचा शब्द, देवा, तोच होता.

"घरी!" धाकटा ओरडला.

घणाचे खांदे खाली आले. त्याने हात घातला.

टेबल सुटलं. खांबाशी जो स्विच होता तो मामाच्या माणसांनी रंगवतानाच मोडला होता. त्यामुळे मशीनला घर सापडलंच नाही आणि ते रेटतच राहिलं. आधी ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. मग घणाचा. तो ओरडला असं म्हणता येणार नाही. त्याच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडलं आणि शेडच्या पत्र्यावर आदळलं.

धाकट्याने वळायच्या आत लाल बटणावर मूठ मारली. भिंतीवरचा मेनचा खटका पडला, मोटरी गप्प झाल्या. पण टेबल होतं तिथेच. व्हाइस आणि खांबाच्या मधे दादाचा उजवा पंजा, आणि हिरव्या रंगावरून रक्त खाली ओघळत होतं.

"मेन परत चालू करतो!" मामा भिंतीकडे धावला. "बटणाने मागे घेऊ!"

"हात लावू नकोस! वीज आली तर ते परत घर शोधत जाईल!"

मामाने खटका धरला होता. धाकट्याने त्याला मागून खांद्याला धरून फिरवलं आणि कपाळ त्याच्या नाकावर आदळलं. नाकाचं हाड गेलं. मामा पोत्यासारखा खाली बसला. धाकट्याने त्याच्या मनगटावर पाय दिला आणि दिलाच. मामा किंचाळला तेव्हा त्याला कळलं की गरजेपेक्षा जास्त दिला. धाकटाही त्याच घरचा होता.

तो मशीनकडे धावला आणि गुडघ्यावर बसला. समोर ते षटकोनी टोक. चाक असतं तर एव्हाना टेबल मागे आलं असतं. बोटांनी फिरवून बघितलं, टोक तेलकट आणि गच्च. पकडीला लोखंड हवं.

"पाना! मामा, पाना कुठेय?"

"विकले," रक्तातून मामा म्हणाला. "सगळे विकले."

मग त्याने वर बघितलं. पाना होता. घणाच्या डाव्या हातात.

"दादा, पाना दे."

"देतो," घण म्हणाला. "घे."

पहिला घाव गालावर बसला. नवे बसवलेले दात गेले, आणि त्यांच्यासोबत एक खरा. धाकटा टोकाला धरून राहिला.

"दादा, दे! तुझा हात..."

"इतकी वर्षं जपून ठेवलंस? दोन दातांसाठी?" दुसरा घाव कानावर. "अख्खा पंजा घेतोस? मी पाठमोरा कधी होतो ते बघत होतास? माझ्या घरात जेवलास रे, कुत्र्या!" तिसरा खांद्यावर, तिथलं काहीतरी तुटलं. घण टेबलावर आडवा झाला होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. प्रत्येक घावाबरोबर त्याचा स्वतःचा अडकलेला हात ओढला जात होता आणि तरी तो मारत होता. मशीनवर एका भावाचं रक्त आणि जमिनीवर दुसऱ्याचं, खाली उतरता उतरता एक झालेलं. जन्म देणाऱ्या आईने बघितलं असतं तर कुणाचं कुठलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

धाकट्याला पळता आलं असतं. दोन पावलं मागे सरकला असता तर पाना पोहोचला नसता. तो सरकला नाही. ते टोक दोन्ही हातांनी धरून, तोंडातून रक्त थुंकत ओरडला, "ओरडलो होतो ना मी? घरी म्हणालो ना? मग हात का घातलास?"

"घरी म्हणालास म्हणूनच घातला, हरामखोरा!"

पाना वर गेला होता. तो तिथेच राहिला.

शेडमध्ये फक्त मामाच्या नाकाचा घर्र घर्र आवाज. धाकटा वर बघत होता, घण खाली. दोघांच्याही कानात एकच माणूस ओरडत होता, पट्टा खुंटीला अडकवताना.

"आमच्याकडे," धाकटा म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना, "आमच्याकडे घरी म्हणजे निघालं, दादा. हात काढा म्हणून ओरडतात."

घणाचा श्वास मोठ्याने येत होता. मग पाना खाली आला. सावकाश. दांड्याची बाजू पुढे करून त्याने तो धाकट्याच्या तळहातावर ठेवला.

"उलटा फिरव," तो म्हणाला.

"मला माहितीये."

"माहितीये तर फिरव ना, रडत काय बसलास!"

धाकट्याने पाना लावला आणि एका चांगल्या खांद्याने ओढला. टोक हललं. प्रत्येक ओढीला घण वरून देवाचं नाव घेत होता, शिवी दिल्यासारखं. पण घेत होता. टेबल बोटभर मागे आलं आणि पंजा सुटला. घण सरळ त्याच्या अंगावर कोसळला. धाकट्याने शर्ट काढून त्या पंजाला गुंडाळला आणि छातीशी दाबून धरला. कुणाचा कुणाला आधार होता ते समजत नव्हतं.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बाकीचं डॉक्टरांनी शिवून जागेवर बसवलं. धाकट्याचा जबडा आणि खांदा बांधला. दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. वहिनी धावत आली, दारात थांबली आणि दोघांची तोंडं बघितली. मग सरळ नवऱ्याच्या खाटेशी गेली आणि त्याच्या कानाखाली एक वाजवली. वळली आणि धाकट्यालाही, जबड्याची बांधलेली बाजू सोडून. मग दोघांच्या मधे खाली बसली, एक हात ह्या खाटेवर, एक त्या खाटेवर, आणि इतकी रडली की नर्सने येऊन दार लावून घेतलं.

"झालं?" घण बऱ्याच वेळाने म्हणाला.

"नाही," वहिनी म्हणाली. "अजून एकेक बाकी आहे. बरे व्हा, मग देते."

घण छताकडे बघत होता. "ती खाच," तो म्हणाला. "गोल होती का?"

धाकट्याला बोलता येत नव्हतं. त्याने मान हलवली. ठोकळा त्याने खिशात घालून आणला होता. वहिनीला खुणेने पिशवीतला बारीक मापाचा व्हर्नियर काढायला लावला आणि अंथरुणावरच मोजलं. मग अंगठा आणि बोट एकमेकांना जवळजवळ टेकवून दाखवलं. केसाइतका फरक.

"मग तेच घ्यायचं," घण म्हणाला.

"ते?" वहिनी उभी राहिली. "रक्त प्यायलेलं मशीन माझ्या घरात?"

"त्याचा काय दोष? त्याला घर सापडलं नाही." घण उशीवर सरकून बसला. "नवा स्विच लावायचा. कटरभोवती पिंजरा करायचा, दार उघडलं की मोटर बंद होईल असा. आणि मामाला सांग, चाकं भंगारातून उकरून आण, नाहीतर मी उठून येतो."

मामाने चाकं स्वतः आणून दिली, नाकाला पट्टी लावून. वर्कशॉपच्या दारातच खाली ठेवली आणि मागे सरकला.

मशीन आलं. टेबल काढून, दारातून तिरकं करून, मागच्या खोलीत बाबांच्या मशीनच्या जागेवर बसलं. धाकट्याने पिंजरा केला, स्विच लावला आणि तारा ओढून घेतल्या. काम संपलं तेव्हा त्याने पिशवी उचलली. घण दारात उभा होता, वाट अडवून.

"कुठे?"

"कामावर. रजा संपली."

घणाने पट्टीतला पंजा त्याच्या नाकासमोर धरला. "हे किती आहेत?"

मग त्याने दुसराही हात वर केला.

"दोन्ही मिळून आठच राहिलीत. बटणं कोण दाबणार? वहिनी तुझी?"

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. राहा हा शब्द त्याला तेव्हाही मिळाला नाही. पण त्या रात्री त्याची चटई आतल्या खोलीत अंथरलेली होती, आणि ती आठ बोटांनी अंथरलेली असल्यामुळे वाकडी होती.

तो जुना शब्द आता त्या घरात कुणी वर्कशॉपमध्ये उच्चारत नाही. मशीन निघायच्या आधी धाकटा ओरडतो, "हात!" घण जिथे असेल तिथे दोन्ही हात डोक्यावर नेतो आणि तिकडून ओरडतो, "वर!" मगच बटण दाबलं जातं. भिंतीपलीकडे वहिनी पीठ मळत असते. तिचा मशीनशी काही संबंध नाही. पण तो आवाज आला की तिचेही दोन्ही हात परातीतून वर जातात आणि पिठाचे तसेच हवेत थांबतात, टेबल जाऊन स्विचला टेकल्याचा टक् आवाज येईपर्यंत.